वेशीबाहेरची माती

धुरपदाबाईच्या खानावळीत सुरुवातीला माझं ताट वेगळं होतं. जर्मनचं, काठाला पोचा आलेलं, मोरीजवळच्या खिळ्याला अडकवलेलं. सुरतेजवळच्या उधन्याच्या रेल्वे यार्डात मी खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर, म्हणून लागलो तेव्हा यार्डाच्या जवळपास भाकरी मिळेल अशी तेवढी एकच जागा होती. बाकीचे जेवणारे सगळे खानदेशातले, लूमवर काम करणारे कारागीर. मी हिंगोलीकडचा, त्यातून बौद्ध. ताट वेगळं ठेवा असं कोणी मोठ्यानं म्हणालं नव्हतं. ते म्हणावं लागत नाही. मी खिळ्यावरून ताट काढायचो, जेवायचो, घासून परत अडकवायचो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायचो.

एके दिवशी बाईनं माझ्यापुढं भलतंच ताट आदळलं.

"तुनं ताट कोठे गयं कोन जाने. जेवी ले," ती म्हणाली.

ताट खिळ्यावरच होतं, माझ्या डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. सुकदेव नावाचा एक कारागीर होता, त्याच्या नाकाचा शेंडा कायम वर. तो कुजबुजायला लागला तशी बाई त्याला म्हणाली, "तुले येगळं ताट पाह्यजे का? खियावर एक रिकामं शे."

आता कोणी म्हणेल, काय मोठ्या मनाची बाई. मला तसं वाटत नाही. मोठं मन वगैरे नंतरची गोष्ट, बाईला मुळात धीरच नव्हता. कुणाचं ताट कुठलं हे लक्षात ठेवत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता. भाकरी थापता थापता ती दाराकडे बघायची, वाढता वाढता बाहेर कोणाशी तरी भांडायची, आणि स्वतः जेवायची ती चुलीपुढं उभी राहून. तिच्या पायांना भिंगरी होती. अशा माणसाकडे आपण किती दिवस राग धरणार? मी त्या जुन्या ताटात माती भरून तुळस नाही, मिरची लावली.

तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, लहानपणी आलेल्या देवीचे. नवरा कधीच गेलेला. एकच मुलगी, सीता. ती गावी, दोंडाईच्याजवळ, बाईच्या सख्ख्या भावाच्या घरीच दिलेली. सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात सीताला मुलगा झाला. बाईचा पहिला नातू. वैशाखात लग्नसराईला कारागीर गावोगाव पांगले की खानावळ बंद करून जायचं असं तिनं ठरवलं होतं. जुन्या लुगड्यांची एक गोधडी ती शिवत होती. चार भाकऱ्या झाल्या की दोन टाके, वरण उकळेपर्यंत आणखी दोन. शेजारच्या खोलीतल्या, बाईच्याच गावच्या लोटूची पोरगी, वेणू, अर्धवट शिवलेल्या त्या गोधडीवर दुपारची झोपून जायची.

त्याच वेणूला ताप भरला. मग अंगावर फोड उठले, आधी तोंडावर, मग हातापायांवर. लोटूची बायको सुभद्रा रडत खानावळीत आली. बाईनं पोरीकडे नुसतं बघितलं. तिला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती.

देवी आल्या की या लोकांचा एक ठरलेला रस्ता होता. आजारी माणसाला घ्यायचं आणि गावी जायचं, आपल्या देवीच्या पायाशी घालायचं. परमुलखात देवी आली तर तिला ओळखणार कोण? लोटूनं त्याच दिवशी गाठोडं बांधलं. पोरीला कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून बायकोच्या खांद्यावर दिलं. भुसावळ पॅसेंजर उधन्याहूनच सुटायची, चालत जाण्यासारखं अंतर.

बाई त्याच्या दारात आडवे हात करून उभी राहिली.

"कोठे चालना?"

"गावले. सरक मावशी, गाडी चुकी जाई."

"आठेच ठेव तिले."

"आठेनी माता गुजराती शे," लोटू म्हणाला. "तिले आपलं काय समजी? आपली देवी तठे, निंबखाले."

हसू नका. मीही तेव्हा हसलो नव्हतो. ज्याला स्वतःला सुरतेत कारखान्याच्या शेठशिवाय कोणी नावानं ओळखत नाही, त्याला देवीबद्दल तसं वाटलं तर नवल काय? पण मी रोज यार्डातून ती गाडी बघत होतो. वैशाखातली गाडी. डब्यात नवऱ्या, वऱ्हाडी, मांडीवर पोरं, दाराला लटकलेले कारागीर. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, प्रत्येक स्टेशनावर थोडी थोडी माणसं उतरणार आणि वेणूच्या अंगावरचं घेऊन आपापल्या मांडवात जाणार. हे मी बोललोही. लोटूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो बाईकडेच बघत होता.

"माले समजस," तो म्हणाला. "तुना नातू शे गावमा. त्यानाकरता आडावस तू माले."

मला वाटलं आता बाई त्याची हाडं मोडणार.

"हा," बाई म्हणाली. "मना नातूकरता. आखो सांगू? तुनी पोरकरताबी. ह्या उन्हमा, त्या गर्दीमा, नंदुरबार येवाना पहिले मरी जाई ती."

सुभद्रा पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली. लोटू उभाच होता, पण त्याच्या हातातलं गाठोडं खाली आलं.

"मंग देवी?" त्यानं विचारलं.

"देवी मी आठे लई येस," बाई म्हणाली. "पायखालनी माती आनि अंगारा. तू तठे जावाना कसाले? तीच आठे यी."

लोटू विचारात पडला. मग त्यानं जे विचारलं ते त्याच्या जागी मीही विचारलं असतं. बाई यार्डातली मूठभर माती आणून देवीची म्हणून देणार नाही कशावरून? सोबत कोणीतरी साक्षीला पाहिजे. गावचा माणूस नको, तो बाईच्या नात्यातला निघायचा. सुकदेव नको, तो सगळ्यांना नको होता.

"नागनाथ यी," बाई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "त्याले देवीनं काही लेनं नही का देनं नही. तो खोटं कसाले बोली?"

अशा रीतीनं घरातले देव गोळा करून पाण्यात सोडणाऱ्या बापाचा मुलगा देवीच्या मातीचा साक्षीदार झाला.

पण निघण्याआधी बाईनं दुसरं एक केलं. दवाखान्यात जाऊन ती देवीची लस टोचणाऱ्या भाईदासला हाताला धरून घेऊन आली. गल्लीत देवी असताना सुई टोचली तर देवी कोपते, म्हणून लोक त्या माणसाला बघून दारं लावून घेत. भाईदासला हे ठाऊक होतं, तो बिचारा दर पावलाला मागे सरत होता. त्यानं वेणूला बघितलं आणि सगळ्यांना बजावलं, "ए घरमांथी कोई बहार नहीं, कोई अंदर नहीं." शेवटची खपली पडेपर्यंत. त्यानं मग सुई टोचायला बाकीच्यांचे दंड मागितले. एकही पुढं आला नाही.

बाईनं चुलीवरून तवा उतरवला.

"ज्याना दंडवर सुईनी निशानी, त्याले भाकर," ती म्हणाली. "दुसराले नही."

पहिला दंड मी दिला. मला लहानपणी टोचलेलं होतं, तरी पुन्हा दिला. शेवटचा सुकदेव आला, तो वरणाचा वास येईपर्यंत थांबला होता. बाईनं देवीलाही दुखावलं नाही. देवी असलेल्या गल्लीत फोडणी द्यायची नाही ही त्यांची रीत, फोडणीचा चर्र आवाज देवीला सोसत नाही म्हणे. तेव्हापासून खानावळीत सगळ्यांना बिनफोडणीचं वरण. कारागिरांनी तोंडं वाकडी केली, पण जेवले.

लोटूच्या दारापुढं चुन्याची रेघ मारायचं काम माझ्याकडे आलं. यार्डात मला रेघा मारायची सवय होती. आणि रेघेच्या अलीकडे कसं उभं राहायचं, पलीकडे कसं, ते तर मला आईच्या पोटातूनच ठाऊक होतं.

पहिल्याच जेवणाला भांडण झालं. सुकदेवनं फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि लांबूनच रेघेपलीकडे फेकल्या. फडकं सुटलं, भाकऱ्या धुळीत पडल्या. सुभद्रा त्या उचलायला वाकली. माझं डोकं फिरलं. माझ्या आजीला पाणवठ्यावर लोक असंच वरून पाणी ओतायचे, ती ओंजळ धरून उभी असायची. मी सुकदेवची गचांडी धरली. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी स्वच्छ ताट घेतलं, त्यात वाढलं, रेघेवर खाली ठेवलं आणि मागे सरलो. "वहिनी, आता घ्या," मी म्हणालो. "रोज असंच ठेवू. कोणी फेकणार नाही." सुभद्रा रडत होती, पण तिनं ताट घेतलं. बाई चुलीपाशी उभी राहून सगळं बघत होती. त्या दिवसापासून रेघेवर ताट कोणी कसं ठेवायचं ते मी सांगायचं, असं ठरून गेलं. पाण्याची घागरही तशीच. कारागीर पाळी सुटली की रेघेपाशी येऊन लोटूशी गप्पा मारायचे, कारखान्यातल्या बातम्या सांगायचे, नाहीतर तो माणूस आत वेडा झाला असता.

जायच्या दिवशी बाईनं कढत पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली, उकळून वाळवलेलं लुगडं नेसली. तिला देवी येऊन गेलेल्या, पुन्हा येणार नव्हत्या. कपडे उकळले असतील तर प्रवासाला हरकत नाही, असं भाईदास म्हणाला होता. "पण नानुं बाळक होय तो पासे न जशो," असंही म्हणाला. तान्ह्या मुलाजवळ जाऊ नका, तिथली खात्री मी देत नाही. गोधडी तर त्यानं उंबऱ्याबाहेर येऊच दिली नाही. वेणू त्यावर झोपली होती. ती आता वेणूचीच झाली.

गाडीत बाईला जागा मिळाली होती. ती बसली नाही. दाराशी उभी राहिली, कोणाचं पोर जवळ आलं की पदर ओढून तोंड फिरवायची. मी म्हणालो, "बाई, कपडे उकळलेत ना? मग कशाला जिवाला घोर?"

"त्यानी खात्री दिधी का?"

"तान्ह्याची नाही दिली."

"मंग," ती म्हणाली, आणि दोंडाईचा येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तोंड बंद ठेवलेली धुरपदाबाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली आणि मला भीती वाटली. तिच्या पायांची चुळबुळ मात्र चालू होती, या पायावरून त्या पायावर.

दोंडाईच्याहून उन्हातून चालत गेलो. देवीचं ठाणं वेशीच्या बाहेरच होतं. निंबाखाली शेंदूर फासलेले दगड, तेल, सुकलेले नारळ. परक्या गावाच्या वेशीशी आलो की माझे पाय आपोआप थांबतात. ते तिथं थांबले. बाजूला बघतो तर बाईचेही थांबले होते. तिचं माहेर ते, आतल्या गल्लीत भावाचं घर, त्यात लेक, लेकीच्या मांडीवर नातू. बाई वेशीच्या कमानीकडे बघत उभी होती.

"हाकेच्या अंतरावर आहे," मी म्हणालो.

"हा. म्हनीसन त्रास व्हई राह्यना," ती म्हणाली.

ठाण्याची झाडलोट करणारा उखा नावाचा म्हातारा होता. बाईनं त्याला लांबूनच सांगितलं, नवस आहे, मूठभर माती आणि अंगारा फडक्यात बांधून दगडावर ठेव. सुरतेत देवी आल्यात हे ती बोलली नाही. लोटूची म्हातारी आई त्याच गावात होती. तिच्या कानावर गेलं असतं तर ती पहिल्या गाडीनं सुरतेला निघाली असती, आणि सोबत निम्मा गाव. उखानं फडकं ठेवलं. मी डोळे उघडे ठेवून सगळं बघितलं, साक्षीदार होतो ना. बाईनं फडकं कमरेला खोचलं. आम्ही वळणार, एवढ्यात उखा आनंदानं सांगायला गावात पळाला.

सीता धावतच आली. अंगावर ओली बाळंतीण असल्याची हळद, पदरात गुंडाळलेलं मूल. कमानीखालून बाहेर आली तेव्हा हसत होती.

"तठेच राय," बाई ओरडली.

सीताला वाटलं, माय चेष्टा करते आहे. ती येतच राहिली. बाईनं खाली वाकून ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते सीताच्या पायापुढं फुटलं. सीता थबकली. मग पुन्हा एक पाऊल पुढं आली. बाईनं या वेळी दगड उचलला.

"एक पाय पुढे टाकशी ते डोकामा घालसू," ती म्हणाली.

"माय, मी सीता शे," सीता म्हणाली.

"माले दिसस. घर जाय."

सीतानं मायकडे बघितलं, तिच्या हातातल्या दगडाकडे, मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे. तिनं काय अर्थ लावला कोण जाणे. तिनं पदर पुढं ओढून मुलाचं तोंड झाकलं, आपल्या आईपासून झाकलं, आणि पाठ फिरवून गेली. बाई दगड हातात घेऊन उभी राहिली. सीता कमानीआड दिसेनाशी झाल्यावरही तो दगड टाकायचं तिला सुचत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "बाई, टाका आता." तेव्हा टाकला.

मला त्या बाईची इतकी कीव आली, आणि इतका राग आला, कुणावर ते मला अजून सांगता येत नाही. आयुष्यभर वेशीबाहेर उभं राहिलो ते लोकांनी उभं केलं म्हणून. ही आपल्या मनानं माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

परतीच्या गाडीत नंदुरबार गेल्यावर तिनं विचारलं, "तू देखा का त्याले? कोनासारखा शे?"

मूल पदरात होतं. मी त्याच्या कानाची पाळीसुद्धा पाहिली नव्हती.

"तुमच्यासारखा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग दाराबाहेर तोंड काढून ती बराच वेळ वारा घेत राहिली.

लोटूनं रेघेपलीकडून मला विचारलं, "खरंच देवीनी शे का?" मी म्हणालो, "माझ्यासमोर उचलली." त्यानं फडकं कपाळाला लावलं आणि पोरीच्या उशाला टांगलं. पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही. पुढचे दिवस फार वाईट गेले. वेणूचे डोळे मिटलेले, घशाखाली पाणी उतरेना. बाई रेघेपाशी यायची, परत जायची, पुन्हा यायची. पोरगी गेली असती तर लोटूनं जन्मभर तिचं नाव घेऊन बोटं मोडली असती, हे तिला कळत होतं, आणि तिला त्याहीपेक्षा पोरीचंच वाटत होतं. एकदा मला म्हणाली, "मी आडावं नसतं ते?" मी म्हणालो, "तर गाडीतच गेली असती." तिला ते पटलं की नाही, ठाऊक नाही.

वेणू वाचली. खपल्या पडल्या, तोंडावर वण राहिले. गल्लीत दुसऱ्या कोणाला देवी आल्या नाहीत. लोटू म्हणाला, मातीनं वाचवलं. भाईदास म्हणाला, सुईनं. बाईनं त्या दोघांनाही हो म्हटलं आणि चुलीवर तेल तापत ठेवलं. त्या दिवशी फोडणीच्या वासानं कारागीर पाळी अर्धी टाकून आले.

पण सीताकडून निरोप येईना. नागपंचमीला नाही, पोळ्याला नाही. गावचा कोणी आला की बाई आधी त्याला वाढायची, मग इकडच्या तिकडच्या गोष्टी विचारायची, सीताचं सोडून. तो सांगायचाही नाही. बाईची भाकरी त्या महिन्यांत जाडी झाली, करपायला लागली. मी एकदा म्हणालो, पत्र टाका, मी लिहून देतो. "काय लिखशी? दगड मारा, माफ कर?" ती म्हणाली, आणि भांडी आपटायला लागली.

पाऊस संपल्यावर लोटू बायको-पोरीला घेऊन गावी गेला, देवीचा नवस फेडायला. सुभद्रानं तिथं सगळं सांगितलं असणार.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी जेवायला आलो तर सीता बाहेर उभी होती, कडेवर मूल घेऊन. खानावळीच्या दारात नाही, दारापासून लांब, लोटूच्या खोलीपुढं. चुन्याची रेघ पावसात कधीच धुऊन गेली होती, पण रेघ कुठं होती ते सुभद्रानं तिला दाखवलं होतं. सीता बरोबर रेघेच्या पलीकडे उभी होती.

"माय," तिनं हाक मारली. "आते येवू का?"

बाई चुलीपाशी फोडणी करत होती. ती वळली. मागं मोहरी तडतडून काळी झाली, धूर निघाला, तरी ती तशीच. मग पिठानं भरलेले हात बघून म्हणाली, "हात धुई लेस," आणि मोरीत गेली. घागर ओतल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा.

सीताला राहवेना. तिनं रेघेची जागा ओलांडली आणि मुलाला माझ्या हातात दिलं. "धरा भाऊ, मी तिले देखीसन येस," म्हणाली. मी तसाच उभा राहिलो. असं मूल या गल्लीत कोणी माझ्या हातात दिलं नव्हतं.

बाई बाहेर आली ती हातांवरून पाणी ठिबकत. माझ्यापुढं थांबली. पदराला हात पुसले, मूल घेतलं, आणि खाली बसली, तिथंच धुळीत. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून तिनं बघितलं, हनुवटीपासून कपाळापर्यंत, पुन्हा पुन्हा.

"नागनाथ," ती म्हणाली, "खोटं बोलना तू. हाऊ ते त्याना बापसारखा शे."

त्या दिवशी आम्ही सगळे बिनफोडणीचं वरण जेवलो. वाढायला बाई उठली नाही, तिच्या मांडीवर मूल झोपलं होतं. वाढलं मी.